लवंगीसाठी वीस हात दोर

ही गोष्ट २०२२ सालच्या सप्टेंबरातली. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांची होते. शाळेतून निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. नाचणे गावातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझी नात श्रुती, अशा दोघीच राहत होतो. तिचे आईवडील मुंबईला नोकरीत. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत ती दुसऱ्यांदा मागे पडली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर नको म्हणून माझ्याकडे आली. आठवडाभर खोलीचं दार लावून असायची. फक्त रविवारी चारच्या सुमारास उठून वेणी घालायची आणि बाहेरच्या खोलीतलं टेबल पुसायची, कारण रविवारी खेळ असे.

खेळ कागद, पेन्सिल आणि फाशांचा. एका फाशाला तर वीस तोंडं. प्रत्येकाने एक माणूस कल्पायचं आणि त्याला काय काय येतं ते कागदावर लिहायचं. श्रुतीची मैत्रीण वैष्णवी खेळ चालवायची. समोर दरी आहे की दरोडेखोर ते ती सांगे, आपलं माणूस काय करतं ते आपण सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवी. तिचे नियम दोनच होते. तोंडातून निघालं ते घडलं. आणि माणूस मेलं की कागद फाडायचा.

खालच्या मजल्यावरचा ऋत्विक तलवारबाज होता, तेजल जादूगारीण. श्रुती एक चपळ, तिखट चोर होती, नाव लवंगी. चौथं कोणी मिळेना म्हणून मला बसवलं. मारामारी मला नको होती. मी धुरपा नावाची कारागीर झाले. वाटेत जे सापडेल त्यातून वस्तू करायच्या, हे तिचं काम. पण ही मंडळी कुठे दोन घटका टिकतील तर शपथ! धुरपाने शिंपल्याचा दिवा करायला घ्यावा, की ऋत्विक म्हणणार, "आजी, आवरा. निघालो."

त्या रविवारी लवंगी कातळातल्या एका खोल घळीत पडली. खाली समुद्राचं पाणी आत येत होतं आणि तीन दिवसांनी अमावस्येचं उधाण होतं. तोवर वर काढली नाही तर संपली.

"आजी, तुमच्या कागदावर दोर वळणं लिहिलंय," वैष्णवी म्हणाली. "वीस हात दोर लागेल. शेजारी माड आहेत. कसा करणार, सांगा."

मला एकदम आई आठवली. तिने, येसूबाईने, वळलेला काथ्याचा सुंभ पावस गावच्या बाजारात हातोहात जायचा. मी खुशीत सांगू लागले, "नारळाची सोडणं, वरची जाड साल, गोळा करते. खाडीच्या चिखलात पुरते, वर दगड ठेवते. सहा महिन्यांनी काढून कुटते, मग..."

"सहा महिने?" तेजल ओरडली.

"मग काय! न कुजवता काथ्या सुटतो होय?"

ऋत्विकने कपाळाला हात लावला. "आजी, खेळ आहे हा! दोन दिवस म्हणा ना."

"बोललं ते घडलं," वैष्णवी म्हणाली. "सोडणं चिखलात गेली." मग तिने श्रुतीकडे पाहिलं. "बरं, आजी, एकदाच माघार घेऊ देते. दोन दिवसांत होतो एवढं म्हणा."

मी तोंड उघडलं. त्याच सकाळी विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणून आले होते, त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं. पण तेही खरं कारण नव्हे. सोडणं कुटून काळे पडलेले आईचे हात डोळ्यांपुढे होते.

"नाही गो होत," मी म्हटलं.

श्रुतीने आपला कागद उचलला. "लवंगी गेली तर मी परत बसणार नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बाकीचं पुढच्या रविवारी ठरवू म्हणून वैष्णवीने वह्या आवरल्या.

तो आठवडा मला घरात बसवेना. सोमवारी श्रुतीचं ताट तसंच परत आलं, मंगळवारी अर्धं. मी ओट्याकडून गॅलरीत, गॅलरीतून दाराशी. वर्तमानपत्राची तीच ओळ पाच वेळा वाचायची. आपण दोन शब्द बोललो असतो तर पोरीचा रविवार राहिला असता, हे कळत होतं. आणि ते शब्द पुन्हा विचारले तरी निघणार नाहीत, हेही.

बुधवारी भाजी निवडताना थोरला भाऊ सखाराम आठवला. भाताचे भारे बांधायला तो उतारावरच्या केवणीच्या झुडपाची साल ओढून काढायचा. कुजवायचं नाही, काही नाही. पण वीस हात दोराला किती वेळ लागेल? ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं मी सांगणार कशी?

गुरुवारी पहिल्या एसटीने पावसला नणंदेकडे गेले. गोदा माझ्याहून चार वर्षांनी मोठी.

"काय गो वयनी, सकाळीच?"

"केवणीची साल हवी. दोर वळायचाय."

"बांधायचंय काय? बोकड?"

"एक पोरगी घळीत पडलीय."

गोदा घाबरून उठलीच. सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती पुन्हा पायरीवर बसली. "म्हणजे पोरगी नाही, घळ नाही, आणि तू सत्तरी उलटून कोयता मागतेस. भावाने माझ्या मास्तरीण म्हणून केली हो तुला!"

पण कोयता तिनेच आणला, आणि सालही तिनेच सोलली. त्यात दुपार झाली. उन्हं कलेपर्यंत मी मांडीवर पीळ भरत होते. तळहाताला फोड आले. साडेचारची गाडी यायच्या आत पाच हात झाला.

"ओला आहे तोवर माणूस काढ," गोदा म्हणाली. "सुकला की भरवसा नाही."

रविवारी मी तो दोर टेबलावर ठेवला. "केवणीच्या सालीचा. एका बैठकीत पाच हात, वीस हाताला चार बैठका. म्हणजे दोन दिवस. मधे उठायचं नाही."

"दोन दिवस?" ऋत्विक म्हणाला. "आजी, आपल्या मागावर माणसं आहेत. गडावर निरोप पोचवायचाय. एकीसाठी तिघांनी मरायचं?"

"तुम्ही दोघं व्हा पुढे. धुरपा बसते."

श्रुती दारात उभी होती. कागद परत देऊन खेळ सोडायलाच बाहेर आली होती.

"पण हा तुटला तर?" ऋत्विकने दोर उचलला, खिडकीच्या गजाला बांधला आणि अंगाचा सगळा भार टाकून मागे ओढला. दोर राहिला, गाठ सुटली. ऋत्विक खुर्चीसकट आडवा झाला.

"दोर चांगला आहे," तेजल म्हणाली. "गाठ तलवारबाजाची होती."

श्रुती हसली. येऊन आपल्या जागेवर बसली.

"दोर मान्य," वैष्णवी म्हणाली. "पण फासा टाकायचाच. दोनदा टाका, मोठा आकडा धरू. दहा किंवा वर हवा."

पहिला चार पडला. दुसरा टेबलावरून घरंगळत श्रुतीच्या पायांशी गेला. ती वाकली.

"तेरा," ती म्हणाली आणि फासा मुठीत घेतला.

वैष्णवीने पेन्सिल खाली ठेवली. "आजी, तुमच्या बाजूला होता. दिसला तुम्हाला?"

दिसला होता. सात होता. श्रुती माझ्याकडे बघत नव्हती. मुठीची बोटं पांढरी पडली होती.

"तेरा," मी म्हटलं.

लवंगी वर आली.

खेळ पुढच्या मे महिन्यापर्यंत चालला. वैष्णवी आता सावर्ड्याच्या एका शाळेत शिकवते आणि मुलं तिला वचकून असतात म्हणे. ऋत्विक जहाजावर आहे, वर्षातून एकदा येतो. तेजल लग्न होऊन नाटे गावी गेली. घरच्यांची मासेमारीची होडी आहे, तिचा हिशेब ती ठेवते, पण तिला समुद्रावर जायलाच जास्त आवडतं. गोदा मागच्या वर्षी गेली. शेवटपर्यंत मला विचारायची, "काढलीस ना पोरीला?"

श्रुतीने ती परीक्षा पुन्हा दिली नाही. एक्स-रे काढायचं शिकली आणि मुंबईच्या एका इस्पितळात लागली. फोन करते, पण त्या आकड्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. मी नाचण्यातच आहे. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, आता लांबचं स्वच्छ दिसतं. विहारात जाते. चौथं शील आलं की माझा आवाज जरा खाली येतो. शेजारच्या बायकांना वाटतं, वय झालं.