वापरात

"मावशी, ती पत्र्याची शेगडी बाहेर काढा ना. फोटो हवाय."

"तिच्यात कांदे ठेवलेत," आई म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत मातीत होते. सकाळपासून नवी चूल घालत होती.

फोटो मागणारा शेगडीवाल्या कंपनीचा तपासनीस. तीन वर्षांपूर्वी यांनीच घरोघर कमी धुराच्या शेगड्या फुकट वाटल्या. अट एकच, जुनी चूल फोडायची आणि फोडल्याचा फोटो द्यायचा. आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या चुली आईच्या हातच्या. त्यावरच तिचं पोट. स्वतःची चूल तिने स्वतः फोडली. हातोडी मी आणून दिली, त्याचा अजून राग येतो मला. आठ महिन्यांत शेगड्या आतून तडकल्या. दुरुस्तीला कुणी फिरकलं नाही. बायका गुपचूप परत आईकडे आल्या.

"आता कशाला हवाय फोटो यांना?" आईने मला विचारलं.

मी सांगितलं. शेगडीमुळे आपला जो धूर निघत नाही, तो हे विकतात. शेगडी चालू असल्याचा पुरावा म्हणून फोटो लागतो. लांबची एक विमान कंपनी घेते. सक्ती नाही कुणाची, आपखुशीने घेते. मग 'आमच्या विमानांच्या धुराची भरपाई झाली' म्हणून जाहिरात करते.

"नसलेला धूर विकतात?"

"हो."

"मग माझ्या डोळ्यात जातो तो कुणाचा?"

तपासनीस हसला. वाईट नव्हता, घाईत होता. "मावशी, आज चाळीस घरं उरकायचीत मला." असं म्हणत त्याने कोपऱ्यातल्या शेगडीवरची नंबराची पट्टी उचकटली, आईच्या ओल्या चुलीवर दाबून बसवली आणि जवळून फोटो घेतला. मोबाइलवर बोट टेकवलं. मी वाकून वाचलं. वापरात.

माझं डोकंच फिरलं. त्याची कॉलर धरणार तेवढ्यात आई म्हणाली, "खोड ते."

"गेलं वर, मावशी. आता नाही खोडता येत."

आईने चुलीकडे पाहिलं. मूठ आवळली आणि घातली मधोमध. एकदा. परत एकदा. चुलीची भिंत आडवी झाली.

"आता नाही वापरात," ती म्हणाली. "लिही."

त्याने मोबाइल खिशात घातला.

तो गेल्यावर आईने चिखलातून पट्टी उपसली आणि कांद्यांवर टाकली.

"पाणी आण. थोडंच," ती म्हणाली आणि तीच माती परत मळायला घेतली.