अडकलेली पिन

शिवकांत सेलूहून आला, तो मोटारसायकल अंगणात लावायच्या आधीच बोलला, "आई, आज न्यायचंच."

मी नुकतीच पूजेवरून उठले होते. लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही, हा माझा नेम लग्नाआधीपासूनचा. तीर्थ घेतलं आणि दिवसाचा पहिला शब्द कानावर आला तो मुलाचा हा.

न्यायचं होतं ते ह्यांचं पिस्तूल. हे फौजेतून हवालदार म्हणून घरी आले आणि पुढं बरीच वर्षं गंगाखेडकडं रोकड नेणाऱ्या गाडीवर गनमन होते. पिस्तूल तेव्हाचं, लायसनचं. आता ह्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. आधी चष्मा विसरायचे, मग पिंगळीच्या स्टेशनापासून घरापर्यंतचा रस्ता विसरले. दिवाळीनंतर एका दुपारी शिवकांत न सांगता आला, तर ह्यांनी दारात उभं राहून त्याच्यावर पिस्तूल धरलं.

"कोण हाय रे तू? आत कुणी सोडलं तुला?"

पोटचा मुलगा हात वर करून उभा. मी मध्ये गेले. "अवो, आपला शिवा हाय," म्हणाले, तेव्हा कुठं हात खाली आला. गोळ्या त्याच दिवशी शिवकांतनं ठाण्यात जमा केल्या. पिस्तूल मात्र ह्यांनी सोडलं नाही. उशाला घेऊन बसले.

आज त्यानं पुन्हा विषय काढला, तसे हे हसले.

"म्हातारा झालो म्हणून न्यायलास?"

"तसं न्हाई, अण्णा."

"मंग कसं? हे बघ. तुझ्यासमोर खोलतो, पुसतो, जोडतो. जमलं तर पुन्यांदा नाव काढायचं न्हाई. न्हाई जमलं तर घेऊन जा. सही करून देतो."

शिवकांतनं माझ्याकडं पाहिलं. ते हत्यार मला घरात नको होतं. महादेवाला रोज तेवढंच मागत होते. पण ह्यांनी मुलासमोर हरावं, हेही मागवेना. ह्या कामात ह्यांचा हात कधी चुकला नव्हता. तोही चुकला असता, तर मग ह्यांच्याजवळ स्वतःचं म्हणून काय राहिलं असतं?

ओसरीवर जुन्या धोतराचं फडकं अंथरलं. हे पाटावर बसले. मी पूजेला बसते तसेच, ताठ, मांडी घालून. पूर्वी दर रविवारी हे काम चालायचं, तेव्हा मी चेष्टा करायची, "माझी पूजा सकाळी, तुमची रविवारी."

गोळ्यांचं मॅगझिन काढून बाजूला ठेवलं. वरची स्लाइड मागं ओढली, आत डोकावले, गोळी राहिलीय का ते बोट घालून चाचपलं.

"खाली हाय," म्हणाले. "पण दुसऱ्यानं सांगितलं खाली हाय, तरी आपण बघायचं. काय, शिवा?"

"जी, अण्णा."

त्यांनी त्याला नावानं हाक मारली होती. शिवकांतच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्यानं तोंड फिरवून अंगणातल्या कोंबड्या बघितल्या.

आता स्लाइडची खाच तिला अडवून धरणाऱ्या पिनेसमोर आणायची आणि पिन दाबून काढायची. खाच बरोबर आली. ह्यांनी अंगठ्यानं दाबलं. पिन हलेना. स्लाइड केसभर मागं घेऊन पाहिली. हलेना. केसभर पुढं. हलेना. पुन्हा मॅगझिनची जागा तपासली, पुन्हा खाच जुळवली. कपाळावर घाम आला. मग ते थांबले आणि हातातल्या वस्तूकडं असे बघत राहिले, जसे त्या दिवशी शिवकांतकडं बघत होते.

"आधी... आधी दुसरं काही काढायचं असतं का?" हे हळूच म्हणाले.

इतके रविवार बघून तो क्रम मलाही पाठ होता. मला दिसत होतं, त्यांचं काही चुकलं नव्हतं.

"हातोडीनं जरा ठोकू का?" शिवकांत म्हणाला.

"खबरदार! पिस्तूल हाय ते. शेंगा फोडायलास का?"

"मंग राहू द्या ना अण्णा. बिघडलंय ते."

"तुझी मोटारसायकल रोज धा किका खाती, तवा मी म्हणलो का, विकून टाक?"

मला हसू आलं. मुलगाही हसला. ह्यांना हसू आलं नाही. ते पिनेवर नखानं खरवडत होते.

मी जवळ सरकले. पिनेच्या भोवती बारीक पांढरी रेघ होती. मी ओळखली. खंडेनवमीला घरातल्या कोयत्याला, विळ्याला, पिस्तुलाला मी भस्म कालवून तीन बोटं ओढते. दर वर्षी त्याच दिवशी, दिवा विझला की हे फडकं घेऊन ते पुसून काढायचे. "तुझा देव नळीत शिरंल, गौरा," असं म्हणायचे. यंदा पुसायचं राहिलं. ओलं भस्म पिनेच्या भोकात उतरलं, वाळलं, आणि दगड झालं.

मी गप्प बसले असते, तर दुपारी पिस्तूल ठाण्यात गेलं असतं. महादेवानं मागितलेलं दिलं असतं. पण ते आपल्या हातांना दोष देत बसले असते, आणि दोष त्या हातांचा नव्हता.

"अवो," मी म्हणाले, "तिथं माझं भस्म अडकलंय."

त्यांनी पिस्तूल डोळ्यांजवळ नेलं. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली मी आणून दिली. ह्यांनी चार थेंब सोडले, थोडा वेळ तसंच ठेवलं. मग इकडं तिकडं बघत म्हणाले, "कायतरी बारीक पाहिजे दाबायला. लोखंड न्हाई. लोखंडाचा चरा पडतो. लाकूड न्हाईतर पितळ."

घरात बारीक पितळ एकच होतं. मी देवघरात गेले. पूजेची पळी उचलताना हात थांबला. माहेरून आलेली. तिनं महादेवाशिवाय कुणाला पाणी घातलेलं नाही. डोक्याला लावली आणि आणून ह्यांच्या हातात दिली.

पळीच्या दांड्याचं टोक पिनेवर टेकवून त्यांनी अंगठ्यानं जोर दिला. दांडा किंचित वाकला. मग कट् आवाज झाला आणि पिन दुसऱ्या बाजूनं फडक्यावर पडली.

"जय शंभो!" शिवकांत म्हणाला. त्याला तर पिस्तूल न्यायचं होतं, तरी तोच आधी म्हणाला.

पुढं मी नुसती बघत राहिले. स्लाइड पुढं सरकून निघाली, स्प्रिंग निघाली, नळी निघाली. काडीला चिंधी गुंडाळून नळीतून फिरवली, उजेडाकडं धरून एक डोळा मिटला. खाचेतलं भस्म पुसलं. सगळं ज्या क्रमानं निघालं, त्याच्या उलट क्रमानं आत गेलं. बोटं कुठंही अडली नाहीत. शेवटी पिन बसली, स्लाइड एकदा मागंपुढं केली, आवाज स्वच्छ आला.

शिवकांतनं ठाण्यात द्यायला लिहून आणलेला अर्ज घडी करून खिशात घातला.

ह्यांनी पळी फडक्यानं पुसली, दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.

"घ्या बाई. लय उपकार झाले तुमचे."

मला वाटलं, चेष्टा करायलेत.

"कोण्या घरच्या तुमी?"

शिवकांत "अण्णा" म्हणून पुढं झाला. मी हातानं त्याला थांबवलं. लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर ह्यांचं नाव मी कधी तोंडात घेतलं नव्हतं. आता दुसरं काय सांगणार होते?

"बसवंतरावांच्या घरची," मी म्हणाले.

"अस्सं." त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला. "मंग एक काम करा बाई. हे ठाण्यात जमा करून टाका. बसवंतरावाचा आता भरोसा न्हाई. कवा काय करंल सांगता येत न्हाई. आन त्याची मंडळी लय साधी हाय. दिसभर देवाजवळ असती, एकटीच."

पिस्तूल त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवलं. तेलकट, त्यांच्या हातांनी ऊबदार, स्वच्छ.

अर्जावर सही करतानाही ह्यांची बोटं अडली नाहीत. शिवकांत पिस्तूल घेऊन गेला. बराच वेळ त्याची मोटारसायकल सुरूच होत नव्हती. तो किक मारत होता, रडत होता, आणि हे ओसरीवरून सांगत होते, "चोक ओढ रे पोरा, चोक."

पळी वाकडीच राहिली. सोनाराकडं नेली नाही. तिच्यातून पाण्याची धार सरळ पडत नाही, म्हणून हात थोडा कलता धरावा लागतो. अजून तिला मशीनच्या तेलाचा वास येतो.

रोज सकाळी मी लिंग तळहातावर घेऊन बसले, की हे दारात येऊन उभे राहतात. आत येत नाहीत. परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं विचारतात,

"बाई, गौराची पूजा झाली का?"

"व्हायलीय," मी म्हणते. "बसा थोडं."