कादंबरीतला बाप सुधारला

कुणाला पटायचं नाही, पण पुस्तकं शिवणाऱ्या एका बाइंडरच्या टेबलावर कादंबरीतला बाप चक्क सुधारला. काल चहा गार झाला म्हणून या बाइंडरने घर डोक्यावर घेतलं, तेव्हा माहेरी आलेली लेक हातातली कादंबरी मिटून म्हणाली होती, "असले तापट बाप शेवटपर्यंत सुधारत नाहीत. मी उद्या निघते."

आज त्याने त्याच कादंबरीची नव्याने शिवलेली प्रत तिच्यापुढे सरकवली.

"शेवट वाच. लेकीला खांद्यावर घेऊन हसतोय. विरघळला बिचारा."

लेकीने वाचलं. तिला हसू आवरेना. खांद्यावरची बॅग तिने खाली ठेवली.

"बाबा, यातली लग्न झालेली मुलगी शेवटी दुडूदुडू कशी धावायला लागली? सुरुवातीच्या पानांचा अख्खा फर्मा उचलून शेवटी शिवलाय तुम्ही."