काविळीची माळ

कावीळ झाली असं सांगितलं ते हौसेरावांच्या बायकोनं, सत्यभामेनं. हौसेराव कामावर का येत नाहीत, हे विचारायला युनियनचा भगवान जुईनगरच्या खोलीवर आला, तेव्हा ती पटकन बोलून गेली, "कावीळ झालीया त्यास्नी."

मग खरं काय सांगायचं? कंपनीतल्या साहेबानं मशीनवरून काढून त्यांना गेटापाशी स्टुलावर बसवलं. कंटाळून आपणच राजीनामा द्यावा म्हणून. काम नाही, नुसतं बसायचं. बसून बसून माणूस आतनंच बसला. जेवेना, बोलेना, उठेना. नेरूळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मनाचा आजार आहे हा. औषधानं बरा होतो. दर गुरुवारी यायचं, मध्येच सोडायचं नाही."

पण बोललेलं निभवायला हवं. सत्यभामेनं साताऱ्याकडनं काविळीची माळ मागवली. काड्यांची, गळ्याबरोबर. कावीळ उतरेल तशी ती लांबते म्हणतात.

माळ खरंच लांबली. छातीवर आली, मग पोटावर. शेजारच्या शेवंताबाई डोकवायच्या, "उतरली गं बाई!" भाकऱ्या थापताना सत्यभामेच्या ओठी जात्यावरची चाल यायची,

माळ लांबली लांबली, आली बेंबीच्या खाली
जीव कुठं अडला गं, गोष्ट सांगता न आली

हौसेराव माळेकडं बघत राहायचे. आता झोप लागत होती. गोळीनं, का माळेनं? का कावीळच होती? मग डोळे पिवळे कसे नव्हते?

गैरहजेरीच्या चौकशीच्या दिवशी कंपनीच्या दारात भगवाननं बजावलं; सत्यभामेकडनं त्याला खरं कळलं होतं, "दादा, कावीळच म्हणा. डोक्याचं नाव काढलंत तर वेडा ठरवून घरी बसवतील. त्यांना तेच पायजे."

"आन् कावीळ म्हणलो तर?"

"उद्यापासून हजर."

"स्टुलावर?"

भगवान घड्याळ बघू लागला.

"आन् गुरुवारचं? कावीळ तर उतरली."

"दादा, टेन्शन देऊ नका हो."

आत चौकशीच्या साहेबानं विचारलं, "काय झालं होतं?"

हौसेरावांनी माळ डोक्यावरून काढली, टेबलावर ठेवली. भगवान सुटल्यासारखा हसू लागला.

"ही काविळीची, साहेब. ती उतरली."

"मग उद्या या कामावर."

"येतो की. पर स्टुलाचं अजून उतरायचं हाय. मनाला लागलंय ते. त्याचं औषध नेरूळला चालू हाय."

भगवाननं कपाळाला हात लावला. साहेब माळेकडं बघत होता, मग हौसेरावांकडं. "म्हणजे कावीळ होती का नव्हती?"

"मलाबी उमगंना, साहेब," हौसेराव म्हणाले. "पर गुरुवारी सुट्टी लागंल."