भोंग्यानंतरची दुपार

हीर पुन्हा कलला. शाडूच्या ओल्या गोळ्यात तो चांगला खोल रोवला होता, दोरीला बांधलेला लोखंडी नट ओळंब्यासारखा शेजारी लोंबता धरून एक डोळा मिटून पाहिलं होतं, सरळ आहे अशी खात्री करून हात काढला — आणि तो सावकाश, शेजारून कुणी हाक मारावी तसा, एका बाजूला झुकला. ‘सर म्हणतात तुझा हीर वाकडा आहे.’ समीक्षाच्या पत्रातलं वाक्य. फेब्रुवारीत आलेलं पत्र, वहीच्या फाडलेल्या पानावर, समासाच्या रेघेबाहेरही लिहिलेलं. त्याला उत्तर दिलेलं नाही आणि आता मे अर्धा संपला.

दामोदरनं गोळा चेपला, हीर उपटला, पुन्हा रोवला. न्हाणीघराच्या ओट्यावर असे वीस-पंचवीस गोळे मांडलेले. शाडू शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून आणलेला, हीर नव्या केरसुणीतले — त्यावरून वृंदा सकाळीच बोलली होती. बोलू दे. पेणमध्ये वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच विरते. त्यातला एक दिवस ऐन पावसात, म्हणजे दिसणारच नाही, आणि दुसरा असा मे महिन्यात, जेव्हा शाळांना कुलूप असतं. हा आकाशाचा दोष म्हणावा की शिक्षणखात्याचा? म्हणून मग उन्हाळी शिबिर, म्हणून मग महिपतीचं मंडळ, रामवाडीतलं शाळेचं पटांगण… आणि म्हणून हा आजचा सगळा ताप.

पत्र त्याला पाठ होतं. डिसेंबरात रोह्यापुढे, धाटावजवळच्या एका शाळेत तो मुलांना सावली मोजायला शिकवून आला होता. काठी रोवा, सावलीच्या टोकाशी खडा ठेवा, जेव्हा सगळ्यात लहान तेव्हा आपली दुपार. चाळीसेक मुलं होती. सगळ्यांनी तासभर खडे ठेवले आणि मग खडे एकमेकांना मारले. समीक्षा मात्र ठेवतच राहिली. ‘काका, मी जेवणाच्या सुट्टीत रोज बघते. कंपनीचा बाराचा भोंगा होतो तेव्हा सावली लहान नसते. ती नंतर होते. आणि पहिली जेवढी नंतर व्हायची त्याच्याहून आता अजून नंतर होते. माझे बाबा कंपनीत आहेत, ते म्हणतात भोंगा चुकला तर सगळ्यांची शिफ्ट चुकेल. सर म्हणतात तुझा हीर वाकडा आहे. मग मी बंद करू का?’

मग मी बंद करू का. एवढंच तर विचारलं होतं. ‘नको’ हे दोन अक्षरी उत्तर होतं. पण त्यानं लिहायला घेतलं तेव्हा आधी घड्याळाची रेषा आली — आपलं घड्याळ कुठल्यातरी मिर्झापूरकडच्या रेषेवर लावलेलं, पेण-रोह्याचा सूर्य मागाहून येतो — मग पृथ्वीचा कललेला आस आला, मग तिची लांबट वाट, मग एक आकृती, मग आकृतीखाली टीप. सात पानं झाली आणि सातव्या पानावर त्याला वाटलं की तिसऱ्या पानावर आपण चुकलो. पुस्तकं काढली. दोन पुस्तकांत दोन तऱ्हांनी दिलेलं. मी तरी कोण? कॉलेजच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली, फावल्या वेळात वाचली. उद्या तिच्या सरांनी ते पत्र हातात घेऊन विचारलं, हे कोण दामोदर, कुठले शास्त्रज्ञ…

“अहो, त्या पोरीला पत्र टाकलंत का?” वृंदानं आतून विचारलं. गोळे पाहिले की तिला ते आठवायचंच.

“लिहितोय.”

“फेब्रुवारीपासून?”

 हीर सरळ उभा राहिला होता. श्वास लागेल म्हणून तोंड फिरवून तो उठला.

रिक्षातून गोळ्यांची परात मांडीवर धरून तो रामवाडीला पोचला तेव्हा आधी त्याला वाटलं, आपण चुकीच्या जागी आलो. कुणाचं तरी लग्न आहे. पटांगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडव. पिवळा-पांढरा, झालरीचा, वर दुहेरी कापड. खाली खुर्च्या, सतरंजी, आणि मधोमध टेबल — त्यावर कागद चिकटवलेला: ‘प्रयोग’.

मांडववाला काळुराम शिडीवरून उतरत होता. “या काका. गोळे हितं टेबलावर ठेवा. गार हाय.”

“हा मांडव कशाला?”

“ऊन लागंल ना पोरांना.”

“अहो, पण कार्यक्रमच उन्हाचा आहे.”

“म्हणून तर मांडव.”

यात चूक कुठे होती ते दाखवायला गेलं तर काळुरामचं म्हणणं जास्तच सरळ दिसत होतं. “थोडा सोडता येईल का? निदान मधला भाग?”

“सोडीन की. काय नाय त्यात. पन महिपतीशेठनी सांगितलं बांध, मी बांधला. तुम्ही सांगताय सोड. अजून कोन येऊन सांगंल, अर्धा ठेव. तुमचं तुम्ही एक ठरवा, मग मला हाक मारा. मी हाय हितंच.” आणि तो खरंच तिथेच, खांबाला टेकून, बिडी काढून बसला.

महिपती आला तो फोनवर बोलतच. मंडळाचा अध्यक्ष, माणूस वाईट नव्हता, दामोदरच्या पुस्तकपेढीला त्यानंच कपाट दिलं होतं, म्हणूनच तर त्याला नाही म्हणणं अवघड. “काका, टेन्शन घेऊ नका. सभापतीबाई येतायत. त्यांना काय उन्हात उभं करू?”

“सावली बघायची तर ऊन…”

“दिसंल हो. लाइट लावू. बारा वाजता उरकून टाकू.”

“बाराला नाही. मी दोनदा कळवलं होतं. साडेबारानंतर…”

“शून्य सावली म्हणजे भर बारा, काका. शेंबडं पोर पण सांगंल. आन् बाईंना पुढे रोह्याला लग्नाला जायचंय. मुहूर्त गाठायचाय. तुम्ही सूर्याला सांगा जरा लवकर यायला.” आजूबाजूचे हसले. दामोदरही हसला. हसला — हेच तर त्याला नंतर किती वेळ टोचत राहिलं. आपण हसलो, परात हातात धरून, चांगले आपल्याच चेष्टेवर… चिडता येत नाही असं नाही, मी आतल्या आत फार चिडतो, पण ती चीड ओठांपर्यंत येते तेव्हा तिचं हसू होऊन बाहेर पडतं, आणि समोरच्याला वाटतं, पटलं यांना.

बारा वाजायच्या सुमारास सभापतीबाई आल्या. स्वागत, नारळ, दोन शब्द. मुलं सतरंजीवर मांडी घालून, पुढच्याच्या पाठीवर बोटानं काहीबाही काढत. बाई टेबलाशी आल्या, वाकल्या, चष्मा वर केला आणि मनापासून नवल वाटून म्हणाल्या, “खरंच की. सावली नाहीच.”

नाहीच. मांडवाच्या त्या गुळमट पिवळ्या उजेडात हिराला सावली नव्हती, परातीला नव्हती, टेबलाला नव्हती, बाईंच्या बोटाला नव्हती. महिपतीनं माईकवर ते जाहीर केलं. टाळ्या झाल्या. दामोदर टेबलाच्या कडेला उभा होता आणि त्याचेही हात टाळीसाठी अर्धे वर आले होते. तेवढ्यात पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी शेजारणीला म्हणाली, “मगाशी पन नव्हती गो. मी आल्यापासनं बघतंय.”

“गप. टाळ्या वाजव,” शेजारीण म्हणाली.

आणि तिनं वाजवल्या.

त्याला एकदम उकडायला लागलं. फोटो झाले, बाई गेल्या, वड्यांची टोपली आली, रांग लागली, तो तिथेच. म्हणजे हे असं होतं तर. कुणी फार मोठं खोटं बोलत नाही, कुणी दटावतही नाही. मुलीला जे दिसतं ते एकीकडे राहतं आणि ती टाळ्या वाजवते. तिकडे धाटावला भोंगा होतो, सर म्हणतात हीर वाकडा, आणि ज्याला विचारलं तो पेणमध्ये बसून सातवं पान खोडतो… तिनं किती दिवस वाट पाहिली असेल? का पाहिलीच नसेल? पोस्टमन आला की वर बघायचं आणि मग एक दिवस नाही बघायचं, एवढंच.

त्यानं एक गोळा उचलला आणि मांडवाबाहेर गेला. ऊन अंगावर पडलं तसे डोळे मिटले. सिमेंटच्या ओट्यावर गोळा ठेवला, दोरीचा नट लोंबता धरला, हीर सरळ केला. बोटाच्या पेराएवढी सावली होती.

“काका, आत या,” माईकवरून महिपती. “वडे गार होतायत. झाला कार्यक्रम.”

“झालेला नाही,” दामोदर म्हणाला.

आवाज फार मोठा नव्हता. पण माईक नसतानाही तो पोचला असावा, कारण महिपती टेबलापासून निघून मांडवाच्या कडेशी आला. “काय म्हणताय?”

“घड्याळात बारा वाजून गेले. आपली दुपार अजून व्हायची आहे.”

एवढंच. आस नाही, लांबट वाट नाही, टीप नाही. दोन वाक्यं, सात पानांमध्ये ती कुठेच नव्हती. दोन वेण्यांची मुलगी वडा हातात घेऊन बाहेर आली, तिच्यामागे तिची शेजारीण, मग आणखी काही. कुणी आत जाऊन बाकीचे गोळे उचलून आणले, त्यातले निम्मे हीर वाकडे झाले. त्यानं नट त्यांच्या हातात दिला आणि काही न सांगता बघत राहिला. सावली बुटकी होत गेली. मग ती हिराच्या मुळाशी घुटमळली, आणि मग नुसता हीर उरला. मुलांनी आपापल्या पायांखाली पाहिलं. महिपतीनंही पाहिलं, चप्पल उचलून पाहिलं.

“काका,” तो म्हणाला, “हे आधी सांगायचं ना. मांडवाला कशाला घालवला असता खर्च?”

दामोदरनं त्याच्याकडे बघितलं. या वेळी हसू आलं नाही. ते न येणं इतकं नवं होतं की पुढे काय करायचं ते त्याला कळेना; त्यानं परात उचलली आणि रिक्षाला हात केला.

रिक्षा घराकडे न नेता त्यानं पोस्टाकडे घ्यायला लावली. खिडकीवर एक कार्ड घेतलं. कार्ड, कारण त्यावर सात पानं मावत नाहीत. दोरी बांधलेल्या पेनानं, शाडूचे हात पुसत त्यानं उभ्या उभ्याच लिहिलं: ‘चि. समीक्षा, बंद करू नकोस. तुझा हीर बरोबर आहे. भोंगा दूरच्या गावाची दुपार सांगतो, आपली त्यानंतर येते. ती रोज थोडी पुढेमागे का होते ते मी वाचलं आहे, पण नीट सांगता येत नाही. उत्तराला उशीर झाला.’ पुन्हा वाचलं. ‘दूरच्या गावाची’ हे बरोबर का? रेषा म्हणजे गाव नव्हे. खोडावं तर कार्ड खराब होईल. पत्ता शाळेचा, आणि शाळा आता जूनपर्यंत बंद. कार्ड दाराच्या फटीतून आत पडेल आणि धुळीत राहील, ती तोवर आठवीला दुसऱ्या शाळेत गेलेली असेल, किंवा तो हीर केव्हाच चुलीत गेला असेल… हे सगळं खरंच होतं. तरी त्याचा हात पेटीच्या तोंडाशी गेला, आणि बोटं कार्डाच्या कडेवरून सुटत असतानाच त्याला सुचलं की भोंग्यानंतर किती वेळानं तिची सावली सगळ्यात लहान झाली, हे तिनं लिहिलं नव्हतं आणि आपणही विचारलं नाही — मला ते हवं आहे, तिनं जे पाहिलं ते, कुठल्याही पुस्तकातलं नको — पण कार्ड तोवर आत पडलं होतं.