फाइलीची सवत

जावेला नोकरी लावून देऊ नये. लावलीच तर आपल्या ऑफिसात लावू नये, आणि आपल्या ऑफिसात लावलीच तर आपल्या सर्व्हरच्या आसपास फिरकू देऊ नये. मी हे तिन्ही केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमची रक्त-लघवी तपासायची लॅब. खाली काउंटर, त्याच्या मागे तपासणीची यंत्रं, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत आम्ही दोघी, मी आणि माझी धाकटी जाऊ. लोक खाली रक्त देऊन जातात आणि घरी बसून फोनवर रिपोर्ट बघतात. ते रिपोर्ट जिथून येतात तो वेब सर्व्हर पहिल्या दिवसापासून मी उभा केलेला. त्यानं कुठल्या पोर्टवर, म्हणजे कुठल्या दाराशी, ऐकायचं, रिपोर्ट साठवलेला डेटाबेस कुठल्या मशीनवर आहे, एका वेळी किती माणसं आत घ्यायची, हे सगळं मी एका प्रॉपर्टी फाइलीत, म्हणजे सेटिंगच्या वहीत, लिहून ठेवलं होतं. डावीकडे नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे आकडा नाहीतर पत्ता. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर ती का आहे त्याचा खुलासा. आणि अगदी वर: ‘मला विचारल्याशिवाय या फाइलीला हात लावू नये.’ माझी मुलंसुद्धा लहानपणी इतकी टापटीप नव्हती.

धाकटी आली आणि थोड्याच दिवसांत तिनं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं खूळ काढलं. सर्व्हर सुरू होताना फाइल वाचतो खरा, पण तीच गोष्ट त्याला मशीनच्या एन्व्हायर्नमेंटमधून, म्हणजे फाइलीबाहेरून, वेगळी सांगितली, तर फाइल बाजूला ठेवून तो बाहेरचं ऐकतो. आमच्या घरच्या भाषेत सांगायचं तर फाइल म्हणजे घरची रीत, आणि व्हेरिएबल म्हणजे सासूबाईंनी आयत्या वेळी सोडलेला हुकूम. रीत काहीही असो, चालतो हुकूमच. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला गरज वाटली नव्हती.

लॅब ज्यांची त्या डॉक्टरीणबाईंना मात्र केवढं कौतुक! "बघा, पासवर्ड आता फाइलीत उघडा पडलेला नाही. सर्व्हर आधी चालवून बघायच्या मशीनवर आणि खऱ्या मशीनवर प्रोग्रॅम तोच, फक्त बाहेरून सांगायचं वेगळं. किती सुटसुटीत!" हे मला ऐकवत होत्या. मला! हे सगळं त्यांना धाकटीनंच पढवलेलं, नाहीतर सर्व्हर कशाशी खातात हे तरी त्यांना कुठे ठाऊक होतं?

त्यातून लॅबची दुसरी शाखा निघणार होती. दोन्हीकडच्या सर्व्हरना मिळून एक प्रमुख नेमायचा होता, आणि तो आम्हा दोघींमधूनच. सोमवारी ठरणार होतं. स्पष्टच सांगते, मला ती खुर्ची हवी होती, आणि त्याहून जास्त म्हणजे ती तिला मिळायला नको होती.

घरी तरी सुटका असावी? आमचं जेवण एकत्र. सासूबाई म्हणायच्या, "धाकटीचं डोकं बाई कॉम्प्युटरसारखं चालतं." मग मी इतकी वर्षं काय शिवणयंत्र चालवत होते? नवरा म्हणायचा, "हुशार आहे ती, मान्य कर ना." मान्य करायला माझं काय जातंय, पण घास तोंडात असतानाच कशाला? आणि धाकटी खाली मान घालून म्हणणार, "छे हो, मला सगळं ताईंनीच शिकवलं." हे असं बोलली की माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. भांडली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

मध्ये आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी आठवडाभर रजेवर होते. नेमका त्याच आठवड्यात डेटाबेस जुन्या मशीनवरून नव्यावर हलवला गेला. मी परत आले तेव्हा धाकटी म्हणाली, "सगळं नीट झालंय ताई. कसं केलं ते सांगू का?" मी म्हटलं, "नको, कळतं मला." तिच्याकडून समजून घेण्यापेक्षा मी दाढ उपटून घेतली असती.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरीणबाई नवी जागा बघायला गेल्या आणि धाकटीला बरोबर घेऊन गेल्या. मला साधं विचारलंसुद्धा नाही. मी एकटी धुमसत बसले होते. सकाळची गर्दी वाढलेली, सर्व्हर लोकांना ताटकळत ठेवत होता, म्हणून एका वेळी आत घ्यायच्या माणसांचा आकडा मी फाइलीत वाढवला आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. ढिम्म! आकडा जुनाच. पुन्हा वाढवला, पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. माझी फाइल, माझा सर्व्हर, आणि तो माझंच ऐकेना.

मग मी सर्व्हर सुरू करणारी स्क्रिप्ट उघडली. तिथे एकाखाली एक व्हेरिएबल मांडलेले. पासवर्ड असणार हे ठाऊकच होतं. पण खाली माणसांचा आकडा, पोर्ट, डेटाबेसचा पत्ता, माझ्या फाइलीतली एकूण एक गोष्ट! म्हणजे इतके दिवस माझी फाइल नुसती मखरात बसवलेली होती आणि संसार दुसरीच करत होती. माझ्या फाइलीला हिनं सवत आणली होती.

डोकंच फिरलं माझं. पासवर्ड तेवढा ठेवला, बाकीच्या सगळ्या ओळी पुसल्या. डेटाबेस हलवला म्हणजे फाइलीत नवा पत्ता घातला असणारच, हा माझा हिशेब. सर्व्हर चालू केला. एकही तक्रार न करता उठला, आणि आकडा मी लिहिला तोच! मी खुर्चीत रेलून स्वतःशीच म्हटलं, बस म्हणावं आता.

तेवढ्यात काउंटरवरची मुलगी धापा टाकत वर आली. "मॅडम, नवे रिपोर्ट सगळे गायब झालेत. मागच्या महिन्याचेच दिसतायत. खाली एकजण आलेत, बायकोला ऑपरेशनला आत घ्यायचंय, सर्जन रिपोर्टसाठी थांबलेत."

मी फाइल उघडली. पत्ता जुन्याच मशीनचा होता. ते मशीन अजून कुणी बंद केलं नव्हतं, म्हणून बिचारं इमानेइतबारे जुनं तेवढं दाखवत होतं. त्या माणसाच्या बायकोचा रिपोर्ट मी यंत्रावरून थेट छापून द्यायला सांगितला, पण बाकीच्यांचं काय? नवा पत्ता मला ठाऊकच नव्हता. तो मी पाच मिनिटांपूर्वी स्वतःच्या हातानं पुसला होता.

धाकटीला फोन लावावा की न लावावा करत होते, तोच ती आणि डॉक्टरीणबाई दोघी दारात. खालचा गोंधळ बघून तशाच वर आल्या होत्या. धाकटीनं स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काय झालंय ते तिला एका नजरेत कळलं. खुर्ची ओढून बसली, पुसलेल्या ओळी तोंडपाठ असल्यासारख्या लिहिल्या, सर्व्हर चालू केला. खालून मुलीनं ओरडून सांगितलं, "आले, आले!"

"काय झालं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आवाज चढलेला.

मी तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, "चूक माझी आहे. डेटाबेस हलवला तेव्हा नवा पत्ता मी फक्त बाहेरून दिला, फाइलीत जुनाच राहिला. हात लावू नये असं ताईंनी लिहून ठेवलंय ना, आणि तेव्हा त्या दवाखान्यात आईपाशी होत्या. त्यांना कसं विचारणार? म्हणून फाइलीतलं काहीही बदलायचं झालं की मी बाहेरूनच बदलत गेले."

एक शब्द खोटा नव्हता. ओळी मी पुसल्या, एवढंच फक्त तिनं सांगितलं नाही.

"कमाल आहे!" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "इतकी साधी गोष्ट?" मग माझ्याकडे वळल्या. "सोमवारची वाट कशाला बघायची? दोन्हीकडचं तुम्हीच बघा."

मिळाली! खुर्ची मिळाली. मी धाकटीकडे पाहिलं. ती शांत उभी होती, चेहऱ्यावर ते सोशिक हसू. आणि मला सगळं पुढचं दिसलं. ही घरी काही बोलणार नाही, पण कधीतरी कळेलच. मग सासूबाई जन्मभर म्हणतील, "थोरलीसाठी धाकटीनं स्वतःवर घेतलं हो, केवढं मन!" म्हणजे खुर्ची मला आणि मोठेपणा हिला? रोज त्या खुर्चीत बसायचं आणि रोज हिचे उपकार आठवायचे? छट्!

"थांबा," मी म्हणाले. "ओळी मी पुसल्या. तिला न विचारता. रागानं."

डॉक्टरीणबाई जायला निघाल्या होत्या, त्या परत वळल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. पण मग दोन्हीकडचं तुमच्या हाती कसं देऊ?" आणि धाकटीकडे बघून, "तुम्हीच सांभाळा." त्या खाली गेल्या.

मला वाटलं, धाकटी आता गळ्यात पडेल. ती माझ्याकडे फिरली तर डोळ्यांत पाणी, आणि ते रागाचं.

"कशाला बोललात ताई? कुणी सांगितलं होतं? घरात थोरल्या तुम्ही, इथे जुन्या तुम्ही, आणि खरं बोलणाऱ्याही तुम्हीच? आयुष्यात एकदा मी तुमच्यापेक्षा मोठी झाले होते. तेवढंसुद्धा तुम्हाला बघवलं नाही!"

पाय आपटत ती निघून गेली. पद तिचं, पगार तिचा, नवी शाखाही तिचीच. आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी कित्येक महिन्यांनी मी पोटभर जेवले.