'डिसबर्डन'चा वाक्यात उपयोग

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला चार दिवस उरले होते आणि उल्हासला अजून माहीत नव्हतं की त्याचं गाणं कॅन्सल झालंय. कॅन्सल करणारी त्याची बायको. सरलाने पंधरवड्यापूर्वीच मंडळाच्या सुचित्राला फोन करून कळवलं होतं, यांचा घसा बसलाय, यंदा जमायचं नाही. घसा ठणठणीत होता. अमेरिकेतल्या डब्लिन गावच्या घरात रोज ऑफिसातून आला की तो बेसमेंटमध्ये उतरून नाट्यगीत घोटत होता, आणि वर कुकरची शिट्टी झाली की तिच्याशीही सूर जुळवून बघत होता.

सांगायचं कसं, ते सरलाला सुचत नव्हतं.

ही शहाऐंशी सालची गोष्ट. लेकीची, रुपालीची, कॉलेज प्रवेशाची परीक्षा जवळ आलेली, त्यामुळे रात्रीच्या जेवणात रोज एक अवघड इंग्रजी शब्द असायचा. उल्हासने अर्थ सांगायचा, मायलेकींनी वाक्यात उपयोग करायचा. त्या दिवशी कार्डावर निघालं 'डिसबर्डन'. ओझं उतरवणं, उल्हास म्हणाला. बैलगाडीवरचं चालेल, पण जास्त करून मनावरचं. आणि पुढे 'ऑफ' विसरायचं नाही. असं कोणी बोलत नाही, असं रुपालीने इंग्रजीत सुनावलं, आपल्या वाक्यात गाढवाच्या पाठीवरची पोती उतरवली आणि मोकळी झाली.

सरलाला वाटलं, हा शब्द गणपतीनेच धाडला. तिने आमटीचा डाव खाली ठेवला आणि अडखळत, इंग्रजीतच वाक्य केलं: एका बाईला मनावरचं एक गुपित डिसबर्डन करायचंय, की तिने नवऱ्याचं गाणं त्याला न विचारता कॅन्सल केलं.

उल्हासने मान हलवली. "'ऑफ' राहिलं. बाकी व्याकरण ठीक. पण उदाहरण पटत नाही गं. अशी कुठली बायको असेल?"

रुपालीने आईकडे पाहिलं, कार्डं गोळा केली आणि वर निघून गेली.

"अहो, मीच," सरला म्हणाली.

मग सगळंच निघालं. मागच्या वर्षी त्याने डोळे मिटून तान घेतली तेव्हा अख्खा हॉल उठून चहाला गेला होता. डोळे उघडले तेव्हा माणसं कप घेऊन परत येत होती, आणि त्याला वाटलं, दाद द्यायला उभी राहिलीत. वर्षभर येईल त्या पाहुण्याला तो हे सांगत होता. तिला ते पुन्हा बघवणार नव्हतं.

उल्हास बराच वेळ ताटातला भात इकडचा तिकडे करत राहिला.

"बसून किती होते?"

"तबलजी धरून चार."

"तबलजी कुठे जाणार." मग जरा थांबून, "तू?"

"मी होते की. मला आवडतं तुमचं. सुरात नसतं, पण आवडतं."

"सुरात नसतं?"

एवढं उतरवायचं तिने ठरवलं नव्हतं. "सुरुवातीला असतं," ती म्हणाली.

तो हसला नाही. पाणी प्यायला, खुर्ची मागे सरकवली आणि तिथेच, आमटी निवत असताना, ते नाट्यगीत पहिल्यापासून सुरू केलं. सरला उष्टा हात वाळवत बसून राहिली. तानेची जागा आली, तरी त्याने डोळे मिटले नाहीत. सबंध तान तो तिच्याकडे बघत गायला.